डाव्या हातातली किटली

मित्रांनो, मी एक जुनी निळी किटली आहे आणि मला चहाचा वीट आला आहे. किटलीने असे बोलू नये, हे मला कळते. पण तेरा वर्षे रोज तीन-तीन वेळा उकळल्यावर तुम्हीही असेच बोलला असता. माझी दांडी मूळची नाही, ती तारेची आहे. झाकणावरची गोटी केव्हाच हरवली, त्या जागी बाटलीचे बूच खोचले आहे. तोंडापाशी मुलामा उडून काळा डाग पडला आहे. तो कसा पडला ते पुढे सांगेन, कारण त्या प्रकरणात थोडी चूक माझीही आहे.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. भट्टीची धग तेवढी आठवते. जग म्हणून मी पहिल्यांदा पाहिला तो माली देशातल्या किता गावचा बाजार. तिथे नान्तेनिन नावाच्या बाईने मला उचलले, टिचकी मारून आवाज ऐकला आणि दुकानदारणीला म्हणाली, "हीच दे. माझ्या घरधन्याबरोबर द्यायची आहे. लांब निघालाय." मी केवढी फुगले म्हणून सांगू! बाकीच्या किटल्या कितातच काळ्या होणार आणि मी जग बघणार, असे मला वाटले.

तिचा घरधनी म्हणजे माझा मालक, ब्रेहिमा कोने. उंच, सावकाश बोलणारा, हाताला चुन्याचा वास असणारा गवंडी. तो निघाला त्या सकाळी नान्तेनिनने दारात उभे राहून त्याच्यापुढे डावा हात केला आणि त्यानेही डावाच हात पुढे करून तिच्याशी मिळवला.

हे नीट समजून घ्या. आमच्याकडे डाव्या हाताने कोणी कोणाला भेटत नाही. देणे, घेणे, जेवणे, सगळे उजव्या हाताने. पण माणूस लांबच्या वाटेला लागला, की घरचे आणि जिवलग त्याला मुद्दाम डावा हात देतात. ती जाणूनबुजून केलेली चूक असते. चूक केली म्हणजे ती निस्तरायला पाहिजे, आणि ती निस्तरायची तर जाणाऱ्याने परत येऊन उजवा हात द्यायला पाहिजे. तुमच्याकडे म्हणे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. तसेच हे.

ब्रेहिमा समुद्र ओलांडून पलीकडे जाणार होता. शेजारच्या देशातल्या नौआधिबूच्या बंदरावर महिनाभर थांबायचे, होडी मिळाली की निघायचे, असा त्याचा बेत होता. त्या महिन्याची आता तेरा वर्षे झाली. नान्तेनिनचा तो डावा हात अजून तसाच राहिला आहे आणि मी जग म्हणून जे पाहिले ते एवढेच: वाळूचे एक आवार, त्याच्या भोवती आठ खोल्या, दारात वाळत घातलेले मासे आणि दात कचकच करायला लावणारा वारा.

या आवारात सगळे पुढे जायला निघालेले लोक राहतात. कोणी बंदरावर मासे उतरवतो, कोणी भिंती बांधतो, कोणी जाळी विणतो. कोणालाही विचारा, तो सांगेल की आपण इथे राहत नाही, फक्त थांबलो आहोत. आसितान म्हणून एक बाई आहे. पलीकडच्या देशात बहिणीकडे जायला निघाली आणि पाच वर्षे आवारात भात आणि मासळीचे कालवण विकते आहे. तिने चुलीभोवती भिंत बांधून घेतली नाही, कारण भिंत बांधली म्हणजे राहिलो असे होईल. मग रोज वारा तिच्या भातात वाळू टाकतो आणि रोज ती वाऱ्याला शिव्या घालते.

या सगळ्यांचा वेळ मी काढायचा. दुपार कलली की ब्रेहिमा शेगडी पेटवतो. चहाची पत्ती एकदाच घालायची आणि तिच्यावर तीन फेऱ्या काढायच्या. पहिली कडू, दुसरी बरी, तिसरी साखरेने गोड. प्रत्येक फेरीला मला उंच धरून पेल्यात धार सोडायची, परत माझ्यात ओतायची, पुन्हा धार, असे फेस येईपर्यंत. तिन्ही फेऱ्यांना दोन तास सहज जातात. तिसरी टाकून उठणे हा मोठा अपमान समजला जातो. पूर्वी लोक म्हणायचे, कोनेच्या किटलीसारखा फेस बंदरात कुणाचा नाही. मी ते ऐकून झाकण उडवायचे. आता त्या कौतुकाचा मला राग येतो. मी एवढा चांगला चहा केला नसता, तर हे लोक एवढे दिवस बसले असते का?

चार वर्षांपूर्वी फाटकातून एक नवा तरुण आला. खांद्यावर गाठोडे, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ब्रेहिमाने माझ्यावरून नजर न काढता विचारले, "नाव?"

"झुमाना त्राओरे. किताच्या पलीकडचा."

ब्रेहिमाचा चेहरा इतक्या वर्षांत मी इतका उजळलेला पाहिला नव्हता. "त्राओरे? मग आमच्या घरचा गडीच की! ये, कोळसे फुंक."

"गडी तू!" तो पोरगा लगेच उसळला. "तुझ्या पणज्याला आमच्या पणज्याने एका पाटीभर चवळीत विकत घेतला होता. तीही अर्धी किडकी. ऊठ, मला बसायला जागा दे, चवळीखाऊ."

घाबरू नका. कोने आणि त्राओरे या दोन आडनावांत पिढ्यान्‌पिढ्या असे थट्टेचे नाते आहे. भेटले की एकमेकांची अब्रू काढायची आणि राग मानायचा नाही. त्या दिवशी तिसऱ्या फेरीपर्यंत दोघे भांडले आणि उठताना झुमानाचे गाठोडे ब्रेहिमाच्या खोलीत गेले. म्हातारी विधवा आई गावी एकटी आहे, तिने डावा हात देऊन पाठवले आहे आणि पलीकडे दोन वर्षे काम करून तिचा हात निस्तरायला परत जायचे आहे, एवढीच झुमानाची गोष्ट होती.

होडी ठरवून देणाऱ्या माणसाला आवारात सगळे उद्याशेठ म्हणत. त्याच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. चार वेळा त्याने झुमानाला बोलावले. चार वेळा झुमानाने गाठोडे बांधले, आवारातल्या प्रत्येकाशी डावा हात मिळवला, डोळे पुसले आणि गेला. चार वेळा तो दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला. एकदा वारा फिरला. एकदा इंजिन बिघडले. एकदा पहाऱ्याची बोट किनाऱ्याला लागली होती. एकदा तर काही कारणही सांगितले नाही. परत आल्यावर पुन्हा सगळ्यांशी उजवा हात मिळवायचा, कारण नियम तो नियम.

"अरे पोरा," आसितान चौथ्या वेळी हात पुसत म्हणाली, "तुझ्या जाण्यायेण्यात माझे दोन्ही हात झिजले. आता एक तर जा, नाही तर भात ढवळ."

सगळे हसले. झुमाना हसला नाही. त्या दिवशी त्याने तिसरा पेला हातात धरून तसाच थंड केला.

मग पाचव्यांदा निघायचा तो दिवस आला. दुपार होती. दुसरी फेरी चालू होती. कोळसे सारखे करायला ब्रेहिमाने मला शेगडीवरून उचलून डाव्या हातात धरले होते आणि उजव्या हाताने तो निखारे हलवत होता. तेवढ्यात फाटकाबाहेर गाडीचा भोंगा वाजला. झुमाना खोलीतून गाठोडे घेऊन धावत आला.

"म्हाताऱ्या, निघालो! गाडी उभी आहे, थांबत नाही म्हणतोय."

"जा, जा," ब्रेहिमा वैतागून म्हणाला. "उद्या सकाळी येशीलच. तुझा तिसरा पेला झाकून ठेवतो."

"हात दे ना!"

ब्रेहिमाने कोळशाचा हात तसाच पुढे केला. झुमानाने तो घट्ट धरला, हलवला आणि पळाला. भोंगा पुन्हा वाजला, गाडी गेली.

मित्रांनो, मी तिथेच होते. त्याच्या डाव्या हातात होते. मला लख्ख दिसले की त्याने उजवा हात दिला. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला उजवा हात, म्हणजे रोज बाजारात भेटतो तसा. चूक नाही, म्हणून निस्तरणे नाही, म्हणून परत येणे नाही. मी झाकण खडखडवले. पण उकळणारी किटली खडखडतेच, तिच्याकडे कोण बघतो?

तिसरी फेरी झाली. झुमानाचा पेला झाकून ठेवताना आसितान एकदम थांबली. "कोने, तू त्याला हात कुठला दिलास?"

ब्रेहिमाने आधी आपल्या काळ्या उजव्या हाताकडे पाहिले. मग डाव्या हातातल्या माझ्याकडे पाहिले. मला वाळूत टाकून तो अनवाणी किनाऱ्यापर्यंत धावला. तासाभराने चालत परत आला. होडी तोवर सुटली होती. चार वेळा न सुटलेली होडी नेमकी त्याच दिवशी वेळेवर सुटली होती.

दुसऱ्या सकाळी झुमाना आला नाही. तिसऱ्याही नाही. आठवडा झाला, फोन लागेना. होडीत गेलेल्या दुसऱ्या कोणाच्या घरीही काही कळले नव्हते. आवारातले लोक ब्रेहिमापुढे गप्प बसत आणि मागे कुजबुजत, की त्याला उजवा हात दिला होता म्हणे. विसाव्या दिवशी ब्रेहिमाने मला उचलले, माझ्याकडे टक लावून पाहिले आणि भिंतीवर फेकले. तोंडापाशी माझा मुलामा उडाला तो तेव्हा. मला लागले त्याचे काही नाही. पण सगळा दोष माझाच असल्यासारखे तो पुन्हा माझ्याकडे बघेनासा झाला, हे मला फार लागले. मला हातात त्यानेच धरले होते ना? मी काय उडून जाऊन त्याच्या डाव्या हातात बसले होते?

मी आसितानच्या कोळशाच्या पोत्यामागे पडले. पोटात वाळू साचली. आवारात चहा होईना. लोक इकडे तिकडे बसून नुसते फोनकडे बघत. तेव्हा मला कळले, की चहाशिवाय थांबणे चहासकट थांबण्याहून वाईट असते. पण त्याने माझा राग काही कमी झाला नाही.

पन्नासाव्या दिवशी, दुपारच्याच वेळेला, फाटक वाजले आणि आसितानच्या हातातला डाव भातात पडला. झुमाना आत आला होता. गालफडे बसलेली, ओठ फुटलेले, गाठोडे नव्हते. आमच्याकडे भेटल्यावर आधी घरच्यांची, गुराढोरांची, सगळ्यांची खुशाली विचारतात. त्याने काही विचारले नाही. तो सरळ ब्रेहिमापुढे जाऊन उभा राहिला.

"दादा, हात दे."

त्याने ब्रेहिमाला दादा म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले. ब्रेहिमाने उजवा हात पुढे केला.

"तो नको. डावा. त्या दिवशीचा राहिलाय तो."

"तुला कळलं होतं?"

"होडीत कळलं. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला ओंजळ केली तर उजवा पंजा काळा. तुझ्या पाचही बोटांचे कोळशाचे ठसे. डावा बघितला, तो स्वच्छ. खाऱ्या पाण्याने घासला, जाईना." झुमानाने पंजा उघडून पाहिला. "मला वाटलं, तू मुद्दाम केलंस."

"मुद्दाम?"

"पाचव्यांदा निघालो होतो. कंटाळला असशील. वाटलं, म्हातारा म्हणतोय, जा बाबा एकदाचा, परत तोंड दाखवू नको."

"अरे, किटली होती हातात!" ब्रेहिमा ओरडला. तेरा वर्षांत तो ओरडला तो एवढाच. "किटली! आसितान, कुठाय ती? दाखव त्याला!"

आसितानने मला पोत्यामागून ओढून काढले आणि दोघांच्या मध्ये धरले. माझ्या तोंडातून वाळू गळत होती. चोराला पकडून उभे करतात तशी मी उभी होते. बोलता आले असते, तर मी दोघांनाही फैलावर घेतले असते.

मग हळूहळू सगळे कळले. इंजिन तिसऱ्या दिवशी बंद पडले. पहाऱ्याच्या बोटीने त्यांना ओढून इथेच, याच बंदरावर आणले, एका खोलीत कोंडले, मग बसमध्ये घालून मालीच्या सरहद्दीवर नेऊन सोडले.

"सरहद्दीवरून तुझं गाव किती?" ब्रेहिमाने विचारले.

"दोन दिवस."

"आणि तू घरी न जाता उलटा इकडे आलास? किती दिवस लागले?"

"सोळा. शेवटचे चार गुरांच्या ट्रकमध्ये."

"होडीसाठी?"

"होडीला आग लागो. हातासाठी." झुमाना खाली वाळूत बसला. "आईने डावा हात दिलाय, तो मला तिच्याकडे ओढतोच आहे. मी कुठेही गेलो तरी ओढेल. तुझा नव्हता. तसाच घरी गेलो असतो तर तुझी-माझी गाठ संपली असती. तुझ्याकडे मला कोणी ओढत नव्हतं, म्हणून मीच आलो."

ब्रेहिमा म्हणाला, "गाढव आहेस."

"त्राओरे आहे."

"एकच ते," ब्रेहिमा म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला. आसितानने मला वाळू आणि राखेने घासले. त्या दिवशी तिन्ही फेऱ्या झाल्या. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मला चहाचा वीट आला नाही.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी एवढी कुरकुर केली नसती. झुमाना हातासाठी आला होता आणि ब्रेहिमा हात देईना. आज नको, उद्या. अंगात जरा मांस भरू दे. वारा पडू दे. असे अकरा दिवस गेले.

"तूही उद्याशेठ झालास का?" झुमानाने चिडून विचारले.

"समुद्राने जाणार असशील तर मेलो तरी हात देणार नाही."

"आईकडे जातोय. कितीदा सांगू?"

"आणि मग?"

"मग तुझ्याकडे. तू डावा दिलास तर यावंच लागेल ना मला!"

ब्रेहिमा माझ्यात उगाच चमचा फिरवत बसला. शेवटी आसितान चुलीपासून उठून आली. "कोने, पुरे झालं. पोराला अडकवायला हात मागे घेतोस? आपण दोघं अडकलोय तेवढं बास नाही का?"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीच्या वेळीच झुमाना नवे गाठोडे घेऊन समोर उभा राहिला. ब्रेहिमाने मला उंच धरले होते, धार पेल्यात पडत होती. त्याने धार तोडली. मला खाली ठेवले, शेगडीवर नाही, वाळूत. पेला ठेवला. सदऱ्याला दोन्ही हात पुसले आणि दोन्ही पंजे झुमानाला उघडून दाखवले, बघ, काही नाही. मग त्याने डावा हात पुढे केला. दोघांनी तो इतका वेळ धरून ठेवला की माझ्यातला चहा थंड झाला. चहा थंड झाला म्हणून मला वाईट वाटले नाही, असे ते एकदाच घडले.

"नान्तेनिनला भेट," ब्रेहिमा म्हणाला. "तिला म्हणावं, किटली अजून धड आहे."

"एवढंच सांगू?"

"एवढंच."

पंचवीस दिवसांनी फोन आला. ब्रेहिमाने तो मोठ्या आवाजावर लावला, म्हणून मलाही ऐकू आले. झुमाना पोचला होता. आईने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि चुलीवरचा भात करपला तरी सोडला नाही. आता पेरणी आहे, मग कापणी, मग मी येतो, असे तो म्हणाला. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आणि वहिनींना भेटलो," झुमाना अडखळत म्हणाला. "निरोप सांगितला."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, किटलीचं काय घेऊन बसलात? मला हात हवाय."

ब्रेहिमाने फोन खाली ठेवला आणि मला शेगडीवर चढवले. त्या दिवशीचा चहा जहर कडू झाला आणि तिसऱ्या फेरीलाही तो साखर घालायला विसरला.

त्याला आठ महिने झाले. कापणी होऊन गेली, पण सरहद्दीवर झुमानाला दोनदा मागे फिरवले. तो तिकडे थांबला आहे, आम्ही इकडे थांबलो आहोत. ब्रेहिमा अजूनही दुपार कलली की कोळसे पेटवतो. त्याची पिशवी खोलीत तेरा वर्षांपूर्वी होती त्याच खिळ्याला टांगलेली आहे. त्याला किताला जायला कोणी अडवलेले नाही. रिकाम्या हाताने कसा जाऊ, असे तो आसितानला म्हणतो. अरे, तुझ्या बायकोने मागितला तो रिकामाच हात ना!

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही मागतात. आम्हाला घासा, पुसा, अडगळीत टाकू नका, असे म्हणतात. मला तसे काही नको. माझा डाग राहू दे, तारेची दांडी राहू दे. एवढेच करा, की दारातून कोणी लांब निघाले असेल, तर हातात जे काही असेल ते आधी खाली ठेवा आणि मग त्याला हात द्या. ते सांडले तर सांडू दे.

आणि ब्रेहिमा, उद्या दुपारी तू मला पुन्हा उचलशील, तेव्हा मी पुन्हा झाकण खडखडवीन. या वेळी तरी ऐक. मला खाली ठेव आणि ऊठ.